पाच चौकटी आणि एक कोयता

दिवाळीला मावसभावाकडं बारामतीला गेलो होतो. गडी एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्यानं मोबाईलवर एका फॉर्मचा फोटो दाखवला. ‘येथे सर्व समाजघटकांना समान वागणूक मिळते.’ पुढं पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. यानं पूर्ण सहमतवर खूण केलेली.

‘खरंच मिळते?’

हसला. ‘दादा, वर नाव लिहायचं होतं. सुपरवायझर टेबलाशीच उभा. मार्चला कंत्राट संपतंय.’

ह्या पाच चौकटी १९३२ साली अमेरिकेतल्या लायकर्टनं काढल्या. माप खोटं नाही. पण मी गोदीत माल उतरवतो, मला एवढं कळतं की काटा ज्याच्या ताब्यात, वजन त्याचं. मालकाच्या नजरेखाली भरलेल्या कागदावर भीती मोजली जाते, आणि तिचीच सरासरी काढून ‘विविधता’ म्हणून मिरवतात.

मुंबईच्या गिरण्या आठवा. विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्या खात्यात असा फॉर्म वाटला असता तर शंभर टक्के समाधान निघालं असतं. ज्याचा विटाळ, तो आत होताच कुठं?

आज दार नावावरून बंद होतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली दाखवून दिलं. सारख्याच शिक्षणाचे अर्ज खाजगी नोकऱ्यांना धाडले, फक्त नावं बदलली. बोलावणं यायच्या बाबतीत दलित नावाची संधी सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरली. दाराबाहेर राहिलेल्याला कुठली चौकट?

आणि इंदापूरच्या उसाच्या फडात जा. बीडकडून आलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसं, मोजणी एक! उचल मुकादमाची, साखर कारखान्याची. हजेरीपटावर बाईचं नाव नाही. तिचं मत कोण विचारणार?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मत विचारायचं तर नाव न घेता विचारा, गेटबाहेर विचारा, कंत्राटी माणसालाही विचारा. आणि मताआधी माणसं मोजा. कायम कोण, कंत्राटी कोण? संडास कोण धुतो, पगारपत्रकावर सही कोण करतो? डबा खाताना कोण कुणाशेजारी बसतो? ह्या आकड्यांना सहमती लागत नाही.

आणि दोस्तांनो, जरा आपल्याकडंही बघू. युनियनच्या सभेत मावसभावासारखे किती गप्प बसतात? त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. घरी दोन पोरं आहेत त्याच्या. त्यानं खरी खूण करावी असं वाटत असेल तर मार्चमध्ये त्याचं कंत्राट तुटल्यावर गेटवर उभं राहायला आपण किती जण जाणार, ते आधी मोजा.