ओट्याविना घर



आमच्या भागातील एका बागायतदाराचा मुलगा इंग्लंडात मँचेस्टरला शिकतो. परवा बांधावर त्यांची गाठ पडली. "साहेब, पोरगा ह्यूम नावाच्या वस्तीत राहतो म्हणे. वस्ती बरी आहे ना?" त्यांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाने ते ऐकावे.

मँचेस्टर हे कापसाच्या गिरण्यांचे शहर. मुंबई बंदरातून आपल्याकडचा कापूसही एके काळी त्या मुलखात जाई. ह्यूममध्ये कामगारांच्या लाल विटांच्या घरांच्या रांगा होत्या. घरे कोंदट, ओल धरणारी. पण दार उघडले की समोर शेजार. 1960 नंतर ती पाडली गेली आणि 1972 पर्यंत तेथे चंद्रकोरीसारख्या वळणाच्या चार लांबलचक इमारती उभ्या राहिल्या. रस्त्याऐवजी वरच्या वर लांब गॅलऱ्या. हेतू चांगलाच होता.

परंतु भिंतींना ओल आली, झुरळे झाली. थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च भाडेकरूंना झेपेना. 1974 साली एक लहान मूल गॅलरीतून पडून दगावले. मग मुलाबाळांची कुटुंबे दुसरीकडे घरे मागू लागली. वीस-बावीस वर्षांतच त्या इमारती जमीनदोस्त कराव्या लागल्या.

नव्याने बांधताना मात्र रहिवाशांशी बोलणे झाले. पुन्हा साधे रस्ते आले, रस्त्याकडे तोंड असलेली दारे आली, बाग आली. विद्यापीठे जवळ असल्याने आज तेथे विद्यार्थीही पुष्कळ राहतात. "पोराची काळजी करू नका," असे मी त्यांना सांगितले.

तीस वर्षे मी योजना घेऊन गावोगाव फिरतो आहे. घरातल्या बाईला न विचारता बांधलेल्या गोबरगॅसच्या टाकीत पावसाचे पाणी साचलेले मी पाहिले आहे. ती टाकी बांधा म्हणून सांगणारा मीच होतो.

तेव्हा घरकुलाचा पहिला हप्ता हाती आला, की गवंड्याला बोलावण्याआधी घरात विचारा. पाणी कुठून भरायचे? म्हातारीने उन्हाला कुठे बसायचे? मूल खेळताना चुलीपासून दिसेल का? नकाशात ओटा नसेल, तर तो आधी काढून घ्या. भिंत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.