‘पक्का’ घोडा आणि एका पोराचं घरभाडं

गेल्या शनिवारी, 5 एप्रिलला, सकाळी मी इथे ग्रँड नॅशनलवर पोस्ट टाकली होती. दरवर्षी टाकतो. कोण पळतंय, कोणावर किती भाव आहे, माझी पसंती कोण. तुम्ही वाचता, कमेंटमध्ये थट्टा करता, काहीजण पाच-दहा पाउंड लावता. संध्याकाळी सगळे मिळून हसतो. इतकंच.

यावेळी पोस्टच्या शेवटी एक ओळ होती: आजचा घोडा इरोको. पक्का.

इरोको चौथा आला.

रविवारी रात्री इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. इथे शिकायला आलेला मुलगा, आपल्याकडचाच. “दादा, तुमची पोस्ट वाचून 200 पाउंड लावले होते. भाड्यातले होते. तुमचा दोष नाही, पण पुढच्या वेळी काय करावं?” माझा दोष नाही, हे त्याने लिहिलं. मला तसं वाटत नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी ज्यांना या शर्यतीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिव्हरपूलच्या एन्ट्री रेसकोर्सवर होणारी ही अडथळ्यांची शर्यत. अंतर जवळपास सात किलोमीटर, उड्या 30, आणि गेल्या वर्षापासून घोडे 34. त्याआधी 40 असायचे. आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला पाहतो ती सपाट शर्यत, दोन-तीन मिनिटांत संपते. इथे नऊ-दहा मिनिटं लागतात. घोडा पडू शकतो, दुसरा पडलेला घोडा आडवा येऊ शकतो, जॉकीला मध्येच थांबवावं लागू शकतं. शिवाय हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन, जेणेकरून सगळ्यांना संधी मिळावी. थोडक्यात, अंदाज चुकावा अशीच रचना आहे. 1967 साली फोइनेव्हॉन 100 ला 1 भावाने जिंकला, कारण पुढचे घोडे एका अडथळ्यापाशी एकमेकांत अडकले आणि हा मागून शांतपणे निघून गेला. 2009 साली मॉन मोमही 100 ला 1 नेच जिंकला.

आता माझा अंदाज कसा चुकला ते उघड मांडतो.

पहिलं. इरोको सात वर्षांचा. 1940 नंतर सात वर्षांच्या घोड्याने ही शर्यत एकदाच जिंकलीय, 2022 मध्ये नोबल येट्सने. हे मला माहीत होतं. मी ते पोस्टमध्ये लिहिलंच नाही, कारण घोडा आवडला होता. चेल्टनहॅमला 2023 मध्ये मार्टिन पाइप हर्डल जिंकलेला, वजन हलकं, तब्येतीने छान. आवडलं की माणूस विरुद्ध पुरावा बाजूला सारतो.

दुसरं. गेल्या वर्षीचा विजेता आय ॲम मॅक्सिमस. त्याच्यावर यंदा सगळ्यांत जास्त वजन होतं, 11 स्टोन 12 पाउंड, म्हणजे 75 किलोच्या वर. टॉप वेट घेऊन शेवटचा जिंकलेला घोडा रेड रम, साल 1974. म्हणून मी त्याला बाद केलं. तो दुसरा आला. नियम माझ्या बाजूने होता, तरी फार थोडक्यात वाचलो.

तिसरं आणि सगळ्यांत लाजिरवाणं. जिंकला निक रॉकेट, भाव 33 ला 1. त्याने जानेवारीत थायएस्टीज चेस आणि फेब्रुवारीत फेअरीहाउसला बॉबीजो चेस जिंकली होती. गेल्या वर्षी आय ॲम मॅक्सिमसनेही आधी तीच बॉबीजो चेस जिंकली आणि मग नॅशनल. दोघांचा ट्रेनरही एकच, विली मलिन्स. म्हणजे वाट डोळ्यांसमोर होती. मग मी निक रॉकेटकडे पाहिलं का नाही? कारण तबेल्याचा पहिला जॉकी पॉल टाउनंड दुसऱ्या घोड्यावर बसला होता आणि यावर ट्रेनरचा मुलगा पॅट्रिक, जो हौशी जॉकी आहे. मी मनात म्हटलं, मोठा जॉकी ज्याच्यावर तोच खरा. असं म्हणणारा मी एकटा नव्हतो, म्हणून तर 33 ला 1 भाव मिळत होता.

आता हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे, कबूल. शनिवारी सकाळी निक रॉकेटला मी फार तर पाच-सहा टक्के संधी दिली असती. पण खरा मुद्दा विजेता चुकला हा नाहीच.

खरा मुद्दा ‘पक्का’ या शब्दाचा आहे. इरोकोचा भाव होता 13/2, म्हणजे साडेसहाला एक. त्याचा हिशेब करा. भाव सांगतो की घोड्याला साधारण 13 टक्के संधी आहे. त्यात बुकीचा नफा धरलेला असतो, म्हणजे खरी संधी त्याहूनही कमी. आणि हा फेवरिट! 34 घोड्यांत सगळ्यांत जास्त संधी असलेला घोडासुद्धा 100 पैकी 87 वेळा हरणार, असं बाजारच ओरडून सांगत होता. त्याला मी पक्का म्हटलं. ही चूक घोड्यांच्या अभ्यासातली नाही, ती मराठी भाषेच्या वापरातली आहे. त्या मुलाने घोड्याचा फॉर्म वाचलाच नव्हता. त्याने माझा शब्द वाचला.

पुण्या-मुंबईचे मित्र इथे म्हणतील, अरे सुप्रीम कोर्टानेच 1996 मध्ये घोड्यांची शर्यत म्हणजे कौशल्याचा खेळ म्हणून सांगितलंय. बरोबर आहे, आणि मलाही ते पटतं. अभ्यास करणाऱ्याला अभ्यास न करणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. पण कौशल्य कशात आहे ते नीट पाहा. नाव सांगण्यात कौशल्य नाही. संधी किती आणि भाव किती, यातला फरक ओळखण्यात कौशल्य आहे. आणि ते कौशल्य असलेला माणूससुद्धा बहुतेक वेळा हरतो. हे न सांगता नुसतं नाव सांगणं म्हणजे डॉक्टरने औषध द्यायचं आणि मात्रा सांगायची नाही.

ज्यांनी विन-प्लेस खेळले त्यांचंही सांगतो. इरोकोवर पाच विन, पाच प्लेस असे दहा पाउंड लावणाऱ्याला, प्लेसला पाचवा हिस्सा भाव धरला तर, साडेअकरा पाउंड परत मिळाले. दीड पाउंड फायदा. कमेंटमध्ये “दादा, तुमची टिप लागली” म्हणणारे हेच. एकाच टिपेवर एकाला दीड पाउंड मिळाला आणि एकाचं भाडं गेलं.

दुसरी एक गोष्ट आजवर लिहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका बेटिंग कंपनीकडून मला विचारणा आली होती. पोस्टखाली त्यांची लिंक टाकायची. त्या लिंकवरून खातं उघडणारे लोक जेवढे हरतील त्यातला काही हिस्सा मला. नीट वाचा: तुम्ही जिंकलात तर मला काही नाही, तुम्ही हरलात तर माझा फायदा. मी नाही म्हटलं, पण इंटरनेटवर ‘आजचा बँकर’ सांगणाऱ्या कितीतरी जणांचं पोट याच व्यवहारावर चालतं. टेलिग्रामवर तर याहून सोपी युक्ती आहे. चार गटांना चार वेगवेगळे घोडे सांगायचे. एक गट जिंकतो, त्यालाच पुढची ‘आतली खबर’ पैसे घेऊन विकायची. उरलेले तीन गट गप्प बसतात, कारण हरलेला माणूस बोलत नाही.

अंदाजाच्या पोस्टमध्ये आणखी एक गोष्ट कधीच नसते. सेलेब्र दालें नावाचा 13 वर्षांचा घोडा, भाव 125 ला 1. शनिवारी तो शर्यतीच्या शेवटी कोसळला, मंगळवारी गेला. माझ्या पोस्टमध्ये त्याच्यावर अर्धी ओळ होती, ‘वय झालंय, सोडा’. ज्याला आपण आकडा म्हणून खोडतो तो जीव असतो, हे अडथळ्यांच्या शर्यतीवर लिहिणाऱ्याने विसरू नये. ही शर्यत असावी की नसावी यावर भांडायला वेगळी पोस्ट लिहीन. पण ज्याला तिच्यावर लिहायचंय त्याने हेही लिहायला हवं.

तर पुढच्या वर्षीपासून माझे नियम, तुमच्या साक्षीने:

प्रत्येक घोड्यापुढे संधी टक्क्यांत लिहीन. कोणत्या भावाच्या खाली तो घेऊ नये, तेही लिहीन. घोड्याच्या विरुद्ध जाणारी निदान एक गोष्ट लिहीन. वर्षभराचा माझा हिशेब, हरलेल्यासकट, पोस्टच्या सुरुवातीला असेल. आणि पक्का, बँकर, शंभर टक्के हे शब्द वापरणार नाही. वापरले तर कमेंटमध्ये कान धरा.

तुमच्यासाठी एकच. सिनेमाच्या तिकिटाला जेवढे घालाल तेवढेच घोड्यावर घाला, आणि ते गेले असं धरूनच घाला. ब्रिटनमध्ये 2020 पासून क्रेडिट कार्डवर जुगार खेळायला बंदी आहे, ती उगीच नाही. ज्याला थांबता येत नाहीये त्याने गॅमस्टॉपवर नाव नोंदवावं, परवानाधारक ऑनलाइन साइट्स त्याला खेळू देत नाहीत. बोलायला कोणी हवं असेल तर गॅमकेअरची हेल्पलाइन आहे. लाज वाटून घेऊ नका.

त्या मुलाला मी पैसे देऊ केले. तो नको म्हणाला. घरमालकाशी बोलून दोन हप्त्यांत भाडं देणार आहे. घरी आईला सांगितलं नाहीये. “दादा, तुम्ही पण कोणाला सांगू नका,” म्हणाला. म्हणून नाव नाही.

तुमच्यापैकी आणखी कोणी माझ्या ‘पक्का’वर मोठी रक्कम लावली असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. ओरडणार नाही. ओरडा मलाच खायचाय.