इमानी कोण?

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे.’ सहामाहीला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध घातला, की निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांचा आरंभ या वाक्याने होतो. मी मास्तर, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून गुण देतो. पण मनात येते, आपल्या इमानाविषयी त्या कुत्र्याला निबंध लिहायला सांगितला तर?

कारण सहामाहीच्या निबंधात बागडणारा मोत्या वार्षिक परीक्षेपर्यंत पुष्कळदा ‘गावी’ गेलेला असतो! ज्या बिऱ्हाडांना आजोळचा ओटासुद्धा उरलेला नाही, त्यांचीही कुत्री गावीच जातात. हे गाव मी पाहिले आहे. ते घाटाच्या वळणावर असते, मंडईच्या मागे असते. मानेवर पट्ट्याचा वण असलेली तिथली कुत्री येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान उचलून पाहतात.

“आम्हांला फार लळा होता हो, पण नव्या जागेत अडचण होते,” असे म्हणणारे लोक सज्जन असतात. डोळेही पुसतात. पण लळा दोघांना लागतो आणि तो तोडायची मुभा एकालाच असते, हे ते सोयीस्करपणे विसरतात. आपल्या भाषेत शब्द पाळतात, व्रत पाळतात आणि कुत्राही पाळतात. क्रियापद एकच. व्रत मध्येच टाकायला भिणारी माणसे कुत्रा टाकताना भीत नाहीत, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, शेतकरी तरी पोळ्याला पुरणपोळी भरवून पुढे बैल विकतोच की! विकतो. पोटासाठी विकतो आणि पुढच्या दावणीला बांधून येतो. हमरस्त्यावर सोडून गाडी पळवत नाही.

आणि कायदा? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा कायदा झाला. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे, हा त्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा ठरला. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! शिक्षा कडक करण्याचा एक मसुदा २०२२ साली निघाला. पन्नास रुपयांत आज पावशेर चकलीही येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पालक भेटतात. “मास्तर, पोराला वाढदिवसाला पिल्लू आणावे म्हणतो.” मी विचारतो, “आणा. पण मे महिन्यात तुम्ही सारे गावाला जाल, तेव्हा ते कोठे राहील? दहाबारा वर्षांनी पोरगा शिकायला परगावी जाईल, तेव्हा त्या म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री बाहेर कोण नेईल?” एखादा बाप बायकोकडे पाहून म्हणतो, “मी नेईन.” त्याने खुशाल आणावे. बाकीचे बहुधा सायकल घेतात आणि मला त्याचा आनंदच वाटतो.