अठ्ठावीस दिवसांची कंपनी, नव्वद दिवसांचा ग्राहक

मोबाईलची सेवा महागल्यावर ती विनातोटा सोडण्याचा अधिकार ग्राहकाला असावा की नाही, या प्रश्नावर एक मत अलीकडे इतक्या आत्मविश्वासाने मांडले जाते की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. हा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडून घ्यावयाची प्रतिपक्षाची बाजू, थोडक्यात अशी: भारतातील बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत, म्हणजे आधी पैसे भरून मग सेवा घेतात, प्रत्येक रिचार्ज हा स्वतंत्र व्यवहार असतो, तेव्हा कराराच्या मध्येच दर वाढवला, ही तक्रारच येथे संभवत नाही. ज्याला नवा दर परवडत नाही त्याने १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून नंबर पोर्ट करावा, म्हणजे तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जावे. शिवाय येथील दर जगात अत्यंत स्वस्त आहेत, टॉवर उभारायला पैसा लागतो, आणि करार मोडण्याचे हक्क दोन-दोन वर्षांचे करार करणाऱ्या ब्रिटनसारख्या देशांना शोभतात, भंडाऱ्याच्या ग्राहकाला त्यांचे काय, असे शेपूटही या मताला जोडलेले असते.

स्वस्ताईचा मुद्दा येथे गैरलागू आहे, कारण प्रश्न दर किती हा नसून तो कोणी, केव्हा आणि कोणाला बांधून ठेवून बदलावा हा आहे. टॉवरला पैसा लागतो हे खरे, पण तो विक्रीच्या वेळीच सांगून घेता येतो. ब्रिटनविषयी एवढेच सांगणे पुरे की १७ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांत पुढील वाढ किती पौंड आणि किती पेन्स असेल हे तेथे आधीच लिहून द्यावे लागते आणि ठरल्याबाहेर वाढ केली तर ग्राहकाला किमान महिनाभर आधी सूचना व दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा द्यावी लागते. तेथील ग्राहक सहसा महिन्यामहिन्याला बिल भरतो, येथील ग्राहकाचे पैसे मात्र सेवेआधीच कंपनीकडे जमा असतात. मग संरक्षणाची गरज कोणाला अधिक?

प्रतिपक्षाचा खरा आधार मात्र एकच आहे, तो म्हणजे प्रत्येक रिचार्ज स्वतंत्र असल्याचा, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. व्यवहार खरोखर अठ्ठावीस दिवसांचा असेल तर एकोणतिसाव्या दिवशी दोन्ही पक्ष सारखेच मोकळे असले पाहिजेत. कंपनी तशी मोकळी असते. त्या दिवशी ती नवा दर लावू शकते. ग्राहक तसा असतोच असे नाही, कारण नंबर पोर्ट करण्याच्या नियमांनुसार तो सध्याच्या कंपनीकडे सुरू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन किमान ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि प्रीपेड ग्राहक गेलाच तर शिल्लक रक्कम बुडते. एक काल्पनिक पण नियमाबरहुकूम उदाहरण घ्यावे. पवनी तालुक्यातील एखादा ग्राहक १ मे २०२४ रोजी पोर्ट होऊन जिओकडे आला आणि रोज दीड जीबीचा, २३९ रुपयांचा पॅक मारू लागला. कंपनीने २७ जून रोजी दरवाढ जाहीर केली, ती ३ जुलैपासून लागू केली आणि तोच पॅक २९९ रुपयांचा झाला. त्याचा तिसरा पॅक २३ जुलैला संपतो, पण त्याचे ९० दिवस ३० जुलैला भरतात. मधल्या आठवड्यात त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: फोन बंद ठेवणे, किंवा जो दर त्याने कधी मान्य केला नव्हता तो एकदा तरी भरणे आणि मग पोर्ट होताना उरलेल्या सुमारे अडीच आठवड्यांच्या मुदतीवर पाणी सोडणे. ज्या करारात एक पक्ष २८ दिवसांनी सुटतो आणि दुसरा ९० दिवस बांधलेला राहतो त्याला स्वतंत्र व्यवहारांची मालिका म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे, आणि ती करणाऱ्याने हे दोन आकडे एकदाही शेजारी मांडून पाहिलेले नाहीत.

नियामकाने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने), दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे सोपवले आहे. दर लागू केल्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत तो कळवणे एवढेच त्यांचे बंधन. याच नियामकाच्या जुन्या दर-आदेशात मात्र योजना घेतलेल्या ग्राहकावर सहा महिने दर वाढवू नये, असे संरक्षण आहे. ते मूळ योजनेला चिकटलेले आहे, थोड्या मुदतीच्या पॅकला नाही. बाजार पॅकवर आला आणि संरक्षण कागदावर राहिले. म्हणजे दराला काही काळ स्थैर्य हवे, हे तत्त्व येथे परदेशातून आणावे लागत नाही, ते आधीपासून मान्य झालेले आहे.

दुसरीकडे जावे, या सल्ल्याचे काय होते हेही त्या जुलैने दाखवले. जिओ आणि एअरटेलचे नवे दर ३ तारखेला आणि व्हीआयचे ४ तारखेला लागू झाले, त्यामुळे महाग दर सोडून जाणाऱ्याला तिन्ही खासगी दारांवर महाग दरच भेटला. लोक तरीही गेले. ट्रायच्या आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. ग्राहक कुरकुरतो पण हलत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पण नागझिऱ्याच्या जंगलालगत साकोली-लाखनीकडील ज्या गावात एकाच कंपनीचा टॉवर धरतो तेथे पोर्ट करण्याचा अधिकार असून नसल्यासारखा आहे, आणि नव्या कंपनीचा सिग्नल घरात येत नाही हे पोर्ट झाल्यावर कळले तर परत फिरायलाही पुन्हा नव्वद दिवस थांबावे लागते. रिचार्ज न मारण्याचा मार्गही खुला नाही, कारण मुदत संपल्यावर काही दिवसांनी येणारे कॉल आणि संदेशही थांबतात, आणि धान खरेदीची नोंदणी, बँकेतील जमा-खर्चाची खबर, आधारचा ओटीपी हे सारे त्याच नंबरवर येते. धानाचा पैसा वर्षातून एक-दोनदा हाती येणाऱ्या घराला हा नंबर बंद पडू देणे परवडत नाही, हे तुमसरच्या बाजारात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

हाच युक्तिवाद पूर्वी महिन्याच्या लांबीवरूनही झाला होता. अठ्ठावीस दिवसांच्या पॅकमुळे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात, अशी तक्रार झाली तेव्हा मुदत छापलेली आहे, ग्राहकाला मोजता येते, असे उत्तर काही मंडळी देत असत. जानेवारी २०२२ मध्ये किमान एक पॅक तीस दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असावा, असा नियम झाला. छापून सांगणे आणि न्याय्य असणे यांतला फरक तेव्हाच स्पष्ट व्हायला हवा होता.

मंडनाची बाजू, म्हणजे काय असावे हे सांगणारी बाजू, त्यामानाने साधी आहे. दरवाढीची सूचना किमान तीस दिवस आधी, मराठीत, ग्राहकाच्या फोनवर यावी. दरवाढ जाहीर झाल्यापासून साठ दिवस नव्वद दिवसांची अट स्थगित असावी. त्या काळात पोर्ट होणाऱ्याला उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळावेत. पोस्टपेड ग्राहकाच्या करारात बाहेर पडण्याची अट असेल तर तिचा भार दरवाढीच्या प्रसंगी त्याच्यावर टाकू नये. राहिला दाद मागण्याचा प्रश्न. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केले. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करारा’विरुद्धची, म्हणजे ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या कराराविरुद्धची, तक्रार जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते; साठ रुपयांच्या वाढीसाठी लाखांदूरहून नागपूरच्या खंडपीठाकडे कोण जाईल? दहा हजार रुपयांपर्यंतच्या अशा तक्रारी भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगालाच ऐकता याव्यात, एवढी दुरुस्ती त्या कायद्यात झाली पाहिजे.