सेम टु सेम!

ऑफिसात मॉनिटरशेजारी एक चिमुकली कुंडी असतेच. त्यात हिरवा, काटेरी, गुबगुबीत जीव. पाणी मागत नाही, रजा मागत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘कॅक्टस आहे!’ मी पक्का सोलापूरकर. असली झाडं बांधाबांधावर बघत वाढलोय. पण बॉस, हा कॅक्टसच कशावरून?

गोंधळ आपल्या मराठीतच आहे. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग, दोघांचं आडनाव एकच. फड्या अमेरिकेतून आलेला अस्सल कॅक्टस. त्रिधारी आपल्याकडचा, म्हणजे युफोर्बिया, एरंडाच्या घराण्यातला. दोघांचे पूर्वज वेगळे होऊन दहा कोटींहून जास्त वर्षं झाली. कॅक्टसचं जवळचं नातं घोळीच्या भाजीशी आणि युफोर्बियाचं (हसू नका) उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याच्याशी. तरी दिसायला अगदी जुळे!

असं का, ते कळायला मे महिन्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उभं राहावं. एकेकाळी माळढोकांसाठी गाजलेला हा माळ. पारा चाळिशीपार, पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा ठिकाणी पानं ही चैन. जितकी पानं, तितकी पाण्याची उधळपट्टी. मग पानं टाका, खोड जाड करा, त्यातच पाणी साठवा आणि त्यालाच अन्न तयार करायला लावा. वर नाइट शिफ्ट! दिवसा रंध्रं बंद. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्ल करून ठेवायचा आणि सकाळी ऊन आलं की वापरायचा. कॉल सेंटरवाल्यांनो, तुमच्या आधी कोट्यवधी वर्षं!

ही युक्ती कॅक्टसला तिकडे अमेरिकेत सापडली, युफोर्बियाला इकडे आफ्रिका-आशियात. कॉपी कुणीच केली नाही. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. जवळच्या नात्यागोत्यात असंच घडलं तर समांतर. आपल्या खडकाळ माळांवरचं माकडशिंग तर रुईच्या घराण्यातलं, पण खोड तसंच मांसल. म्हणजे तिसरा भिडू!

माणूस फसतो, किडा फसत नाही. फड्याने दक्षिण भारतात जमिनी गिळल्या तेव्हा १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील जातीचा किडा आणला गेला. त्याने फड्याचा फडशा पाडला. युफोर्बियाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला कॅक्टसच लागतो.

आपण मात्र फसलो तर महागात पडतं. सांगोल्याकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत. ते झाड कॅक्टस, खोड तीन धारांचं. त्रिधारीचंही तसंच. पण एकाचं फळ आपण मिल्कशेकमध्ये घालतो आणि दुसऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, काही दिवस दिसेनासंही होऊ शकतं. लहानपणी बांधावर फांदी मोडायला गेलो की मामा लांबूनच ओरडायचा, ‘काय करालास रे? चीक उडंल डोळ्यात!’

तर कुंडीतल्या पाहुण्याची चौकशी काट्यापासून करा. कॅक्टसचे काटे कापसासारख्या बारीक गादीतून निघतात, बहुधा झुबक्याने. युफोर्बियाचे बरेचदा जोडीने, गादीबिदी काही नाही. टोचून चीक बघण्याचा शहाणपणा नको. नर्सरीवाल्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या लेखी दोन्ही कॅक्टसच! कुंडी बदलताना हातमोजे घाला. आणि चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जाताना मोबाइलमध्ये झाडाचा फोटो तेवढा घ्या.