डॉक्टर व्हायचंय? मग मॅथ्स सोडू नकोस

दहावीचा निकाल लागला की निघोजे, चाकण, मोशीच्या रस्त्यांवर क्लासेसचे फ्लेक्स लागतात. आणि ‘मला नीट द्यायचीय’ म्हणणाऱ्या पोरापोरींना सगळीकडून एकच सल्ला मिळतो : मॅथ्स सोड, भूगोल घे, वेळ वाचेल. हा सल्ला साफ चुकीचा आहे.

आधी हिशोब करू. 2024 साली नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे वीसेक जणांमागे एक जागा. डेंटल, बीएएमएस, बीएचएमएस धरलं तरी बहुतेक जण बाहेरच राहतात. सल्ला मात्र त्या एकाकडे बघून विसांनाही दिला जातो.

बाकीच्यांनी काय करायचं? सीईटीला पीसीबी ग्रुप दिला तर फार्मसी आहे, अ‍ॅग्रीकल्चर आहे. इंजिनिअरिंगला पीसीएमच लागतं. पुण्याच्या आयसरची प्रवेश परीक्षा पीसीबीवाल्यांना देता येते, पण तिच्या 60 प्रश्नांतले 15 गणिताचे असतात. म्हणजे बायोलॉजीतच संशोधन करायचं म्हटलं तरी मॅथ्स आडवं येतंच.

निघोज्यात महिंद्राचा प्लांट आहे, आजूबाजूला कंपन्याच कंपन्या. इथल्या कंत्राटी कामगाराच्या मुलीने दोनदा नीट दिली आणि नंबर लागला नाही, तर याच कंपन्यांत इंजिनिअर म्हणून शिरायचा सरळ रस्ता तिने सोळाव्या वर्षीच बंद करून घेतलेला असतो. पैसेवाल्यांच्या पोराला खासगी कॉलेजची सीट घेता येते, परदेशात जाता येतं. तिला दुसरा पर्याय फुकटात मिळत होता. तो म्हणजे मॅथ्स.

‘पण वेळ कुठंय?’ हा प्रश्न रास्त आहे. चार विषय ओढताना दमछाक होतेच. पण नीटच्या 720 पैकी 180 मार्क फिजिक्सचे असतात आणि तिथेच बायोलॉजीवाले गळपटतात. वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, टॉर्क म्हणजे व्हेक्टर. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉग लागतो. म्हणूनच क्लासवाले ‘मॅथ्स सोड’ म्हणतात आणि पहिल्याच आठवड्यात ‘बेसिक मॅथ्स’ची लेक्चर्स घेतात!

आणि डॉक्टर झाल्यावर? समज, एक आजार हजारात एकाला होतो. टेस्ट खऱ्या रुग्णाला कधीच चुकवत नाही, पण निरोगी माणसांपैकी 5 टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हजार जणांची टेस्ट केली तर पन्नासेक पॉझिटिव्ह येतील, आणि त्यात खरा रुग्ण एक. रिपोर्ट बघून घाबरलेल्या पेशंटला हे समजावणं डॉक्टरचं काम आहे. त्यासाठी लागणारी प्रॉबॅबिलिटी अकरावी-बारावीच्या मॅथ्समध्येच शिकवतात.

ज्याला मॅथ्स खरोखरच नकोसं वाटतं, त्याने खुशाल सोडावं. पण तो निर्णय त्याचा हवा, क्लासच्या काउन्सेलरचा नको. बाकीच्यांनी पीसीएमबी घ्या. मॅथ्स जेईईच्या लेव्हलला नेऊ नका, बोर्डापुरतं नीट करा आणि सीईटीला दोन्ही ग्रुप भरा. अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी घरच्यांना हा वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. आणि सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारा : माझा नंबर नाही लागला, तर पुढे काय?