सोज्वळ बाई आणि सुपारीची बाई

हिराबाई बडोदेकरांचे नाव निघाले की बोलणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘सोज्वळ’. अंगभर पदर, ताठ बैठक, हातवारे नाहीत, चेहरा शांत, गाणे स्वच्छ. असे वर्णन त्यांच्या हयातीत झाले आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतरही होत राहिले आहे. वर्णन खोटे नाही. परंतु एवढ्यावर थांबणारी स्तुती या गायिकेच्या आयुष्यातील मुख्य गोष्ट झाकून टाकते, आणि झाकताझाकता दुसऱ्या एका वर्गातील गाणाऱ्या स्त्रियांवर डागही लावून जाते. म्हणून तिची तपासणी करणे आवश्यक आहे.

आष्टा हे मध्य धरून नकाशावर नजर टाकली तर मराठी संगीत रंगभूमीचे निम्मे गोत्र या एका टापूत सापडते. कृष्णेकाठचे नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. खाली सांगलीजवळ हरिपूर, तेथले गोविंद बल्लाळ देवल. सांगलीतच १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले; काकासाहेब खाडिलकरही सांगलीचेच. पुढे मिरज, तंतुवाद्ये बनविणाऱ्या कारागिरांचे गाव आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कर्मभूमी. नाटकाच्या या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकच उणीव होती. त्यात बाई नव्हती. देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहून जरठ-बाला विवाहावर कोरडा ओढला, सारा महाराष्ट्र त्या मुलीसाठी हळहळला. परंतु रंगमंचावर ती मुलगी म्हणून उभा होता तो एक मुलगा. स्त्रीच्या दुःखाला टाळ्या होत्या, प्रत्यक्ष स्त्रीला मात्र दार बंद होते. केवळ स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या तेव्हाही होत्या आणि त्यांतील बायका पुरुषांच्याही भूमिका करीत. पण प्रतिष्ठितांनी त्यांना आपल्या पंक्तीत कधी घेतले नाही.

या टापूत, मिरजेला, ३० मे १९०५ रोजी हिराबाई जन्मल्या. लहानपणचे नाव चंपाकली. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ताराबाई बडोद्याच्या सरदार घराण्यातील. राजगवयाबरोबर त्यांनी घर सोडले ते धर्म, जात आणि सरंजामी इभ्रत यांचे तिन्ही उंबरे ओलांडून. १९२२ साली त्या खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि पाच मुलांचा संसार त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालविला. सुरेशबाबू माने, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वतीबाई राणे ही ती मुले. मुसलमान बाप, मराठा आई, तालीम वडीलभाऊ सुरेशबाबूंची आणि किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची, रंगमंचावर भूमिका सुभद्रेची. संस्कृतीच्या शुद्धतेची मोजपट्टी घेऊन हिंडणाऱ्यांनी ती या घराला एकदा जरूर लावून पाहावी.

१९२१ साली मुंबईत पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत हिराबाई प्रथम जाहीरपणे गायिल्या. पलुसकर हेही मिरजेच्याच तालमीतले. त्यानंतर हिराबाईंनी जे केले ते अधिक महत्त्वाचे. तिकीट लावून जाहीर मैफल करणारी आपल्या देशातील पहिली गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला दोनच प्रकारचे श्रोते होते: एक दरबार, दुसरा धनिकाचा दिवाणखाना. दोन्ही ठिकाणी ऐकणारा हा पोसणारा असे, आणि पोसणारा केवळ गाण्याचेच पैसे मोजतो असे नाही. तो गाणारीवर मालकी समजतो. तिकिटाने हे नाते मोडले. रुपया-दोन रुपये देणाऱ्या शेदोनशे अनोळखी माणसांपैकी कोणीही तिचा धनी नसतो. त्याने गाणे विकत घेतलेले असते, बाई नव्हे. बाजारपेठेचे गुणगान करण्याचा समाजवाद्यांचा स्वभाव नाही. परंतु सरंजामी आश्रयाच्या तुलनेत तिकीट हे पुढचे पाऊल होते, हे इतिहासाचा भौतिक अर्थ लावणाऱ्या कोणालाही मान्य करावे लागेल.

ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय काढले आणि त्याच कुटुंबाने १९३० च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी उभी केली. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘साध्वी मीराबाई’ यांसारख्या नाटकांतून हिराबाईंनी नायिका रंगविल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने, पुरुषाची पुरुषाने, आणि दोघेही एका रंगमंचावर! बालगंधर्वांच्या शालूवर आणि चालीवर सुशिक्षित घरांतल्या बायका आपली राहणी बेतीत होत्या, त्या दिवसांत हे घडत होते. मागाहून १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या आणि वाट रुंदावली. पण हिराबाई नुसत्या नटी नव्हत्या, मंडळीचा बोजाही त्यांच्याच शिरावर होता. १९३२ साली कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ तयार झाला, बोलपटांनी नाटकगृहे ओस पाडली आणि एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या. हिराबाईंचीही बसली. कर्ज उरले. ते त्यांनी गावोगाव मैफली करून, गळ्याच्या जोरावर फेडले.

‘सोज्वळ’ या शब्दात न मावणारी हिराबाई ती ही. शाळा, नाटक मंडळी आणि तिकिटाची पेटी ही उत्पादनाची साधने तिच्या घराच्या हातात होती. म्हणूनच रंगमंचावर कसे बसावे, काय गावे आणि कोणासाठी गाऊ नये हे ठरविण्याची सत्ता तिच्याकडे आली. तिचा शालीनपणा स्वभावातून आला असेल, संस्कारातून आला असेल. परंतु तो तिला टिकविता आला तो आर्थिक स्वातंत्र्यामुळे. धन्याच्या दिवाणखान्यात हातवारे करावयाचे की नाही हा निर्णय गाणारीचा नसतो.

अमेरिकेतील एका गायिकेची हकीकत शेजारी ठेवली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लिऑन्टिन प्राइस १९२७ साली मिसिसिपी राज्यातील लॉरेल या गावी जन्मली. बाप लाकडाच्या गिरणीत मजूर, आई सुईण. वर्ण काळा. तिचा आवाज ज्याला तिकडे सोप्रानो म्हणतात त्या उंच पट्टीचा, आणि क्षेत्र ऑपेराचे, म्हणजे आपल्या संगीत नाटकाचे सख्खे नव्हे तरी चुलत भावंड. १९५५ साली तिने दूरचित्रवाणीवर ‘टोस्का’ सादर केला तेव्हा दक्षिणेकडील काही केंद्रांनी तो दाखविण्यास नकार दिला. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हे गृह १८८३ मध्ये नवश्रीमंतांनी बांधले, कारण जुन्या श्रीमंतांच्या नाट्यगृहात त्यांना खास सज्जे मिळेनात. धनिकांच्या या भांडणातून निघालेल्या गृहाला पहिली कृष्णवर्णी एकल गायिका, मेरिअन अँडरसन, घेण्यास १९५५ साल उजाडावे लागले. प्राइस तेथे २७ जानेवारी १९६१ रोजी उभी राहिली आणि टाळ्या कितीतरी मिनिटे थांबल्या नाहीत. ३ जानेवारी १९८५ रोजी ‘आयदा’ गाऊन तिने त्याच ठिकाणी ऑपेराचा निरोप घेतला.

दार तिकडे वर्णाने अडविले होते, इकडे लिंगाने आणि जातीने. परंतु एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. तेथे दार उघडल्यावर आत एक संस्था होती, करार होते, संघटना होत्या. प्राइसच्या पदार्पणाच्याच वर्षी त्या ऑपेराच्या वादकांचा वेतनाचा तंटा इतका चिघळला की पुढचा हंगाम रद्द होण्याची वेळ आली. तेव्हा खुद्द मजूरमंत्री आर्थर गोल्डबर्ग यांना लवाद व्हावे लागले. व्हायोलिन वाजविणारा हा कामगार आहे आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न हा मजूर खात्याचा प्रश्न आहे, हे त्या भांडवलशाही देशात गृहीत धरलेले होते! हिराबाईंना दार उघडून आत शिरावयाचे नव्हते, घरच बांधावयाचे होते. आणि ते कोसळले तेव्हा कर्ज त्यांचे एकट्याचे ठरले.

मानसन्मान त्यांना पुढे पुष्कळ मिळाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत त्यांनी ‘वंदे मातरम्’ गायिले, १९५३ साली भारतीय शिष्टमंडळाबरोबर त्या चीनला गेल्या, १९७० साली पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाईंबरोबर त्यांनी केलेली जुगलबंदी ही दोन स्त्रियांनी एकत्र गाण्याची नवी प्रथा ठरली. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या तयार झाल्या. तरी त्या ‘बाई’च राहिल्या. गाणारा पुरुष मोठा झाला की हिंदू असल्यास पंडित होतो, मुसलमान असल्यास उस्ताद. स्त्री कितीही मोठी झाली तरी केसरबाई, मोगूबाई. हा भेद हुबळीच्या गंगूबाई हनगळ यांनी बोलून दाखविला होता, आणि तो बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता.

आता दुसऱ्या बाईकडे वळू. याच सांगली जिल्ह्यात विटे हे तमाशा फडांचे ठाणे. सांगलीला लागून असलेल्या कवलापूरने काळू-बाळूंचा तमाशा दिला. आष्ट्याच्याच वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे; त्यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढून तमाशाला कष्टकऱ्यांच्या चळवळीचे हत्यार बनविले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातही मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून महाराष्ट्रभर हिंडल्या. त्यांना घरून परवानगी मिळाली, त्यामागे हिराबाईंनी पाडलेल्या पायंड्याचा वाटा होताच. कलापथकातील मुलगी चार वर्षांनी घरी, नोकरीत किंवा चळवळीत परतली. फडातील बाईला परतण्यास जागा नव्हती.

विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपूरला जन्मल्या. खेळ चालू असताना रंगमंचामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहण्याची पाळी या स्त्रीवर आली. ही गोष्ट आजवर कलानिष्ठेचा दाखला म्हणून कौतुकाने सांगितली जाते. गिरणीत एखाद्या कामगार स्त्रीवर असा प्रसंग आला असता तर त्याला निष्ठा म्हटले गेले नसते. मालकावर खटला भरला गेला असता. राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना दोनदा मिळाले, १९५७ आणि १९९० साली. २००२ साली त्यांचे निधन झाले ते उपेक्षेत आणि आर्थिक ओढगस्तीत. नंतर शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

फडाचे अर्थकारण आष्ट्या-इस्लामपुराकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशीच उचल फडमालक कलावंताला देतो. फडमालक स्वतः सावकाराच्या कर्जात असतो आणि गावच्या जत्रेची सुपारी घेऊन ते फेडतो. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा हंगाम, मग पावसाळ्यात पुन्हा नवी उचल. या साखळीत कोठेही बाईच्या हाती साधन नाही, आणि प्रेक्षक व ती यांच्यामध्ये तिकिटाचे अंतर असले तरी फेटे उडविणाऱ्या गर्दीला ते मान्य नसते. तिने पदर कसा घ्यावा हे सुपारी देणाऱ्याची अपेक्षा ठरविते. आणि तिलाच मग हिराबाईंचे उदाहरण देऊन सांगण्यात येते की, कला शालीनही असू शकते बरे! हिराबाईंचा शालीनपणा उचलीवर उभा नव्हता, एवढी गोष्ट सांगणारा सोयीस्करपणे विसरतो. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्रा भरल्या नाहीत; तेव्हा ज्यांना हंगामच नाही त्यांची उचल कशी फिटणार, याचा विचार करणारी कोणतीही लवादाची पद्धत या राज्यात नव्हती.

वाळवे आणि मिरज तालुक्यांतील अनेक गावांत यात्रा कमिटीवर चळवळीतली माणसे असतात. सुपारी ठरते त्या बैठकीत रक्कम, वीज, रस्ता आणि पोलीस बंदोबस्त यांची चर्चा होते. फडातील स्त्रियांना राहण्यास बंदिस्त जागा, संडास व पाणी आहे काय, त्यांची मजुरी त्यांच्या स्वतःच्या हातात पडते काय, गरोदर बाईला त्या रात्री बोर्डावर उभे केले जाणार नाही ना, हे तीन प्रश्न सुपारीच्या कागदावर लिहून घेण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आष्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात एका गावापासून आरंभ करावा. फडमालक कुरकुरेल, सावकार त्याहून अधिक. कमिटीतीलही काही जण म्हणतील की तमाशावाल्यांचे एवढे काय घेऊन बसलात.